करंट शून्य म्हणजे क्षेत्र शून्य नव्हे

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातले सहा महिने मी एका चुकीच्या आलेखामागे घालवले. मुंबईत लो टेम्परेचरच्या लॅबमध्ये यंदा नव्याने येणाऱ्यांचे तेवढे महिने वाचावेत, म्हणून लिहितोय.

माइसनर इफेक्ट तुम्हाला माहीत आहेच. सुपरकंडक्टर, म्हणजे विजेला शून्य रोध असणारा पदार्थ, चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो, तरी पृष्ठभागापाशी ते थोडं आत शिरतं आणि विरत जातं. लंडन बंधूंनी १९३५ मध्ये मांडलेली ही खोली म्हणजे लॅम्डा. नायोबियममध्ये ती ४० नॅनोमीटरच्या आसपास असते. साध्या सुपरकंडक्टरमध्ये टीसीच्या, म्हणजे पदार्थ ज्या तापमानाखाली सुपरकंडक्टर होतो त्याच्या, एक तृतीयांशाखाली लॅम्डा जवळजवळ हलत नाही, कारण गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जोड्या तोडायला लागणारी किमान ऊर्जा, ओलांडायला उष्णता पुरत नाही. वायबीसीओ या तांब्याच्या ऑक्साइडवर आधारलेल्या सुपरकंडक्टरमध्ये मात्र तो तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढतो, हे १९९३ मध्ये दिसलं आणि तिथली गॅप काही दिशांना शून्य होते याला मोठा आधार मिळाला.

माझी फिल्म नायोबियम नायट्राइडची, टीसी १६ केल्विनच्या आसपास. ५ केल्विनखाली लॅम्डा आणि तापमानाच्या आलेखाची रेघ सपाट यायला हवी होती, ती हळूहळू चढत होती. मला वाटलं, नवं काही सापडलं! आलेखावर सूत्रं बसवत राहिलो. सूत्र बसलं म्हणजे कारण कळलं असं मुळीच नसतं. फिटिंगच्या नादी लागून मोजमाप तपासायचं टाळू नका, हे मी कळवळून सांगतोय.

चूक दाखवली ती हेलियम भरणाऱ्या काकांनी. जुलै होता, ट्रान्सफर लाइनवर बर्फ साचून जमिनीवर पाणी ठिबकत होतं. ते फडक्याने पुसता पुसता त्यांनी विचारलं, "मॅग्नेट शेवटचा कुणी चालवला होता रे?" आदल्या आठवड्यात कुणीतरी तो ५ टेस्लापर्यंत नेला होता. गाइड आलेख बघतात, मशीन रोज बघतात ते काका. त्यांच्याशी बोलत जा.

पॉवर सप्लायवर शून्य दिसतं, पण मॅग्नेटची तारही सुपरकंडक्टरच असते. तिच्यात अडकलेलं क्षेत्र मागे उरतं. माझ्याकडे ते २० गाउसच्या आसपास होतं (एक टेस्ला म्हणजे दहा हजार गाउस). अशा क्षेत्रात फिल्म टीसीखाली गेली की ते भोवऱ्यांच्या, म्हणजे फिल्ममधून आरपार जाणाऱ्या क्षेत्राच्या बारीक धाग्यांच्या, रूपात तिच्यात अडकतं. हिशेब केलात तर एका चौरस मिलिमीटरमध्ये जवळपास दहा लाख भोवरे निघतात. लॅम्डा मोजणाऱ्या कॉइलचं एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारं, क्षेत्र लागलं की ते जागच्या जागी डुलतात आणि क्षेत्र जास्त खोल शिरल्यासारखं दिसतं. तापमान वाढलं की त्यांच्यावरची पकड ढिली पडते, डुलणं वाढतं, रेघ चढते. मी मोजत होतो ते भोवऱ्यांचं डुलणं!

घाबरू नका, नमुना खराब झालेला नसतो. टीसीच्या वर नेला की भोवरे जातात. मॅग्नेट शून्यावर आणताना दिशा उलटसुलट करत, दर वेळी क्षेत्र कमी करत आणा. मग फिल्म टीसीच्या वर तापवून पुन्हा थंड करा. एवढ्यावरही विश्वास ठेवू नका. मुद्दाम उणे ३० ते अधिक ३० गाउस अशा वेगवेगळ्या क्षेत्रांत, दर वेळी टीसीच्या वरून थंड करत लॅम्डा मोजा. जिथे तो सर्वांत कमी, तेच तुमचं खरं शून्य.

माझं उणे १८ वर निघालं. तिथे थंड केलेल्या फिल्मची रेघ ५ केल्विनखाली सपाट आली. आता लॉगबुकच्या प्रत्येक पानावर मी पहिली ओळ लिहितो ती मॅग्नेट शेवटचा कधी आणि किती टेस्लापर्यंत गेला याची.