अंक मागवायच्या आधी एवढं तपासा

संशोधनासाठी नियतकालिकांचे अंक बघायचे असतील तर लायब्ररीत जायच्या आधी घरीच वहीत लिहून ठेवा की आपल्याला पुरावा हवाय की कुणीतरी केलेला अभ्यास. समजा विषय आहे १८९७चा पुण्यातला प्लेग. मग तेव्हाचा ‘केसरी’ हा पुरावा, घरझडत्यांवर लोक किती चिडले होते ते त्यात दिसतं, पण त्याच वर्षी त्यातल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, म्हणजे हा काही लांबून बघणारा पेपर नव्हता, तेव्हा जोडीला मिशनऱ्यांचा ‘ज्ञानोदय’ही काढून बघा. आणि आजच्या एखाद्या प्राध्यापकाने प्लेगवर लिहिलेला पेपर ही तिसरीच गोष्ट, तो झाला अभ्यास. (वर्तमानपत्र आणि असा लेख, आपण दोन्हीला पेपरच म्हणतो, निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो.)

अंक हातात आला की कव्हर सोडा, लेखाचं शेवटचं पान उघडा. तळटीपा आहेत का, संदर्भसूची आहे का, लेखक कुठे शिकवतो ते दिलंय का, आणि लेख छापण्याआधी त्या विषयातल्या दुसऱ्या कुणी तपासला का, म्हणजे पीअर रिव्ह्यू, ते लेखकांसाठीच्या सूचनांत मिळतं.

साप्ताहिक आहे म्हणजे हलकंफुलकं असणार, हे डोक्यातून काढा. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ दर आठवड्याला निघतं, त्यातले स्पेशल आर्टिकल पीअर रिव्ह्यू होऊन येतात, पण त्याच अंकातलं संपादकीय म्हणजे मतच, त्यामुळे नुसतं अंकाचं नाव लिहून भागत नाही, कुठल्या सदरातला लेख ते पण टिपा. ‘साधना’ पण साप्ताहिक, १९४८ पासूनचं, वजनदार, पण ते वैचारिक साप्ताहिक, रिसर्च जर्नल (संशोधन छापणारं नियतकालिक) नाही. दिवाळी अंकांचं तसंच, १९०९च्या ‘मनोरंजन’पासूनची परंपरा, काही लेखांमागे चिक्कार मेहनत असते, बिनधास्त वापरा, फक्त जर्नलच्या रांगेत बसवू नका. ‘लोकराज्य’ सरकारचं मासिक, योजनेबद्दल सरकार काय म्हणतं एवढ्यासाठी ठीक.

आता आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाला मिळणारा आठ आकडी नंबर. मी सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) एका जर्नलचा लेख ठोकून दिला होता, कव्हरवर आठ आकडे ठळक छापलेले, वर इंटरनॅशनल, आत एकाच अंकात मराठी कविता, जीएसटी आणि माती परीक्षण, आणि पैसे भरा, चार दिवसांत छापतो अशी पाटी. गाईडनी लाल पेनने गोल केला आणि एवढंच विचारलं, हे तपासलं कोणी? तो नंबर म्हणजे नियतकालिकाची नुसती ओळख हो, फॅशनच्या मासिकालाही मिळतो. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, पण २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे यादीत आहे ना म्हणून सुटायची सोय गेली, संपादक मंडळातली दोन-तीन नावं त्यांच्या विद्यापीठाच्या साइटवर खरंच आहेत का ते स्वतःच बघा.

आणि जुने अंक बांधीव मागवणार असाल तर एक लक्षात ठेवा, बाइंडिंग करताना पुष्कळदा कव्हर आणि जाहिरातींची पानं काढून टाकलेली असतात, मग वर्ष कितवं, अंक कितवा काहीच सापडत नाही, म्हणून वाचायला बसायच्या आधी अनुक्रमणिकेचा आणि मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीचा फोटो काढा, लायब्ररीत फोटो चालत नसेल तर पेन्सिलने उतरवून घ्या, आणि तारीख शकात असेल तर आहे तशीच लिहा, इसवी सन घरी येऊन काढता येईल.