दशांश अपूर्णांकांची वजाबाकी : हातचा घेताना या चुका टाळा

पाचवीच्या वर्गात ७.२ − ४.८ हे एकच उदाहरण फळ्यावर लिहिले, तरी वह्यांमध्ये चार उत्तरे सापडतात : २.४, ३.६, ३.४ आणि १.४. पहिले बरोबर आहे. उरलेल्या तिन्हींवर लाल शाईची सारखीच फुली मारून वही परत देण्याची आम्हा शिक्षकांना सवय असते. परंतु ती उत्तरे तीन वेगळ्या चुकांतून आलेली असतात आणि प्रत्येक चुकीवरचा उपायही निराळा असतो.

३.६ लिहिणाऱ्या मुलाने २ मधून ८ जात नाहीत हे पाहून सरळ ८ मधूनच २ वजा केले. ‘मोठ्यातून लहान वजा करावे’ हे दुसरीत ऐकलेले वाक्य त्याच्या मनात पक्के बसलेले असते, आणि ते सबंध संख्येविषयी होते, एकेका घरातल्या अंकाविषयी नव्हते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ३.४ लिहिणाऱ्याने हातचा घेतला, १२ मधून ८ बरोबर वजा केले, पण ज्या घरातून हातचा आणला तेथे ७ चे ६ करायला तो विसरला. याला नियम समजावून सांगण्याची गरज नाही. ७ खोडून वर ६ लिहिल्याशिवाय पुढे जायचे नाही, एवढी हाताला सवय लावली की पुरते.

१.४ हे उत्तर मात्र मला नेहमी घरापर्यंत घेऊन जाते. खान्देशातल्या एकत्र कुटुंबांत संध्याकाळी मुलांचा अभ्यास पुष्कळदा आजोबा घेतात, आणि त्यांच्या पिढीतल्या अनेकांची रीत अशी असते : ‘बारातून आठ गेले, राहिले चार, हातचा एक, चार आणि एक पाच, सातातून पाच गेले, राहिले दोन.’ ही रीत पूर्णपणे बरोबर आहे, कारण वरच्या संख्येत दहा दशांश मिळवले आणि खालच्या संख्येत एक एकक मिळवला तर दोघांतील फरक बदलत नाही. शाळेत मात्र वरच्या ७ मधील एक एकक सुटा केला जातो. मुलगा गुरुजींचे ऐकून ७ चे ६ करतो, आजोबांचे ऐकून ४ चे ५ करतो आणि ६ मधून ५ वजा करून १.४ वर येऊन थांबतो. अशा वेळी आजोबांना चुकीचे न ठरवता, एका उदाहरणात एकच रीत वापरायची, एवढेच मुलाला सांगावे.

शिक्षकांसाठी एक सूचना येथेच करतो. चूक ओळखण्यासाठी ७.३ − ४.८ असे उदाहरण देऊ नये. त्यात उलटी वजाबाकी करणाराही ३.५ लिहितो आणि ७ कमी करायला विसरणाराही ३.५ च लिहितो, कारण ८ वजा ३ आणि १३ वजा ८ दोन्ही पाचच येतात. शेवटच्या घरातल्या अंकांत पाचाचा फरक नसला, की उत्तरावरूनच चूक कळते.

काही मुले दशांश चिन्हापाशी आली की अडखळतात आणि ‘टिंबाच्या पलीकडून हातचा कसा घ्यायचा?’ असे विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, कारण त्यांना डावीकडची आणि उजवीकडची अशा दोन स्वतंत्र संख्या दिसत असतात. येथे रुपये-पैशांचे उदाहरण देण्याचा मोह होतो, पण २५ पैसे आणि त्याखालील नाणी २०११ मध्येच चलनातून बाद झाल्यामुळे आजच्या मुलाने दहा पैशांचे नाणे हातात धरलेलेच नसते. त्यापेक्षा मीटरपट्टी बरी. एक मीटर म्हणजे दहा डेसिमीटर आणि एक डेसिमीटर म्हणजे दहा सेंटिमीटर, हे त्याला बोटाने मोजता येते; मग एक एकक सुटा केला की दहा दशांश आणि एक दशांश सुटा केला की दहा शतांश, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

मांडणीच्या चुका त्यामानाने सरळ आहेत. केळीचा घड दांड्यासकट २५.४ किलो भरला आणि दांडा १.३२ किलोचा निघाला, तर केळी किती? पूर्ण संख्यांच्या सवयीने मुले उजवीकडचे शेवटचे अंक एकाखाली एक मांडतात आणि २५४ मधून १३२ वजा करून १२.२ असे उत्तर काढतात. रावेर-यावलकडच्या मुलाला अशा वेळी एवढेच विचारावे, की दीड किलोसुद्धा नसलेला दांडा काढल्यावर अर्धा घड गेला कुठे? चिन्हाखाली चिन्ह मांडून २५.४ चे २५.४० केले, की उत्तर २४.०८ येते. चौकटींच्या वहीत चिन्ह दोन चौकटींमधल्या रेघेवर द्यावे. त्याला स्वतःची चौकट देऊ नये.

हे शून्य न लिहिल्यामुळेच ८ − २.३५ चे उत्तर ६.३५ येते : वर काहीच नाही म्हणून ३५ जसेच्या तसे खाली उतरतात. आठातून नुसते दोन गेले तरी सहा राहतात, मग त्याहून अधिक गेल्यावर सहापेक्षा जास्त कसे राहतील, हा प्रश्न मुलाने उत्तर लिहिण्याआधीच स्वतःला विचारायचा असतो. ८.०० मांडल्यावर ५.६५ येते.

सर्वांत जास्त वेळ शून्यांच्या रांगेला द्यावा लागतो. जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचे वजन ग्रॅमच्या तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात, म्हणून मी तेच उदाहरण घेतो : १०.००० ग्रॅममधून ६.३७५ ग्रॅम वजा करा. बहुतेक मुले प्रत्येक शून्याचे १० करतात आणि ४.७३५ लिहितात. खरे पाहता दशक एकच होता, आणि तो सुटा होत होत उजवीकडे गेला. दहा एककांपैकी नऊ मागे राहिले आणि एक पुढे सुटा झाला. त्याच्या दहा दशांशांपैकी नऊ राहिले, दहा शतांशांपैकीही नऊ राहिले, आणि पूर्ण दहा फक्त शेवटच्या घराला मिळाले. त्यामुळे वरची ओळ ९, ९, ९, १० अशी होते आणि उत्तर ३.६२५ येते. ज्यांना ही खोडाखोड जमत नाही त्यांनी दोन्ही संख्यांतून एक सहस्रांश आधीच काढून ९.९९९ − ६.३७४ करावे, फरक तोच राहतो आणि हातचा लागतच नाही.

ऐकून लिहिताना होणारी एक चूक आपल्या भाषेमुळे होते. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारला जातो, त्यामुळे ‘तीन पॉइंट पंचवीस’ ऐकून काही मुले ३.५२ लिहितात, आणि पंचवीस चारपेक्षा मोठे म्हणून ३.२५ ला ३.४ पेक्षा मोठे मानतात. ‘तीन दशांश चिन्ह दोन पाच’ असेच वाचावे.

शेवटी, प्रत्येक टिंब दशांश चिन्ह नसते. आपण वेळ ५.३० अशी लिहितो; ५.३० मधून ३.४५ वजा करून ‘एक तास पंच्याऐंशी मिनिटे’ सांगणारी मुले मी पाहिली आहेत. तेथे एक तास सुटा केला की साठ मिनिटे मिळतात, म्हणून उत्तर १ तास ४५ मिनिटे. क्रिकेटमध्ये २० पैकी १८.४ षटके झाली असतील तर १.६ नव्हे, १.२ षटके उरतात, कारण तेथे सहा चेंडूंचे एक षटक असते. आणि हे उदाहरण मात्र वर्गातल्या मागच्या बाकावरूनसुद्धा न चुकता सुटते.