तिकीट प्रणालीशी जोडणी करताना त्रुटी कशा हाताळाव्यात

रावेर-यावल पट्ट्यात मे महिन्यात केळीच्या बागेतील ठिबक संच बंद पडला, तर शेतकऱ्याने विक्रेत्याच्या अॅपवर नोंदवलेली तक्रार त्याच दिवशी तंत्रज्ञापर्यंत पोहोचलीच पाहिजे. म्हणून अॅपमधून आलेली तक्रार आधी स्वतःच्या डेटाबेसमध्ये जतन करावी आणि मगच रांगेतून तिकीट प्रणालीच्या (तक्रारींना क्रमांक देऊन त्यांचा पाठपुरावा करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) एपीआयकडे, म्हणजे इतर सॉफ्टवेअरच्या विनंत्या स्वीकारणाऱ्या दुव्याकडे, पाठवावी.

प्रत्येक त्रुटीवर पुन्हा प्रयत्न करणे हा उपाय नव्हे. एपीआयच्या उत्तरात ४०० किंवा ४२२ हा त्रुटीचा कोड आल्यास पाठवलेली माहितीच सदोष असते. अशा वेळी कोणते रकाने नाकारले गेले हे सांगणारा प्रतिसाद जपून ठेवावा. ४०१ (ओळख न पटल्याचा कोड) आल्यास रांग थांबवून जबाबदार व्यक्तीला कळवावे, कारण एपीआयची किल्ली, म्हणजे प्रवेशाचा गुप्त संकेत, बदलेपर्यंत पुढची एकही तक्रार जाणार नाही. ४२९ (फार जास्त विनंत्या आल्याचा कोड) सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर, म्हणजे किती वेळाने पुन्हा प्रयत्न करावा हे सांगणारी नोंद, आला असेल, तर त्यात सांगितलेला अवधी पाळावा. ५०३ सारख्या तात्पुरत्या त्रुटींसाठी २, ४, ८, १६ सेकंद असे अंतर वाढवत जावे आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवावा, म्हणजे साचलेल्या सगळ्या विनंत्या एकाच क्षणी सर्व्हरवर आदळणार नाहीत.

सर्वांत जास्त काळजी टाइमआउटची, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर न येण्याची, घ्यावी. उत्तर आले नाही, याचा अर्थ तिकीट तयार झाले नाही असा होत नाही. डोळे मिटून पुन्हा पाठवल्यास एकाच बागेसाठी जळगावहून दोन तंत्रज्ञ निघतात आणि चोपड्याचा शेतकरी मात्र वाट पाहत राहतो. यासाठी तक्रार लिहिली जातानाच तिला एक अनन्य ओळख क्रमांक द्यावा आणि प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवावा. प्रणाली आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आली तरी काम एकदाच व्हावे यासाठीचा क्रमांक) स्वीकारत असेल तर उत्तमच; नसल्यास तो क्रमांक तिकिटातील स्वतंत्र रकान्यात ठेवून, पुन्हा पाठवण्यापूर्वी त्याचा शोध घ्यावा. नवे तिकीट शोधात दिसायला काही वेळ लागू शकतो, त्यामुळे हा शोध लगेच न घेता थोडे थांबून घ्यावा.

ठरवलेले प्रयत्न संपल्यावर तक्रार वेगळ्या रांगेत टाकावी आणि ती रांग रोज माणसाने पाहावी. लॉगमध्ये ओळख क्रमांक, वेळ आणि त्रुटीचा कोड असावा. शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक व एपीआयची किल्ली मात्र झाकलेली असावी. शेतकऱ्याला ‘५००’ असा आकडा दाखवणे मला अयोग्य वाटते. तक्रार मिळाली आहे आणि तिकीट क्रमांक नंतर कळवला जाईल, एवढे त्याला साध्या मराठीत सांगावे.

जोडणी सुरू करण्यापूर्वी चाचणी प्रणालीत विनंती पोहोचल्यावर, पण उत्तर येण्याआधी, नेटवर्क मुद्दाम तोडावे आणि पुनर्प्रयत्नानंतर तिकीट एकच राहिले आहे का, हे तपासावे.