मिझुरीकाठचा वसंत: फेब्रुवारी संपण्याआधी कोठ्या रिकाम्या करा

आयोवा राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात फ्रीमॉन्ट काउंटी आहे. पश्चिमेला मिझुरी नदी, तिच्या बांधाआड सपाट, सुपीक खोलगट रान आणि पूर्वेला लोएस, म्हणजे वाऱ्याने आणलेल्या बारीक मातीच्या टेकड्या. पिकं मुख्यतः दोनच, मका आणि सोयाबीन. मार्चमध्ये पुराची भीती, मे-जूनमध्ये टॉर्नेडोची, जुलै-ऑगस्टमध्ये सोसाट्याच्या वादळाची. या तिन्हींत शेतकऱ्याचं सर्वांत मोठं आणि बहुधा विम्याबाहेरचं धन असतं ते बिनमध्ये, म्हणजे पन्हाळी पत्र्याच्या गोल कोठीत. उभ्या पिकाला सरकारी पीकविमा असतो. काढून साठवलेल्या धान्याला तो लागू होत नाही. म्हणून तयारीची सुरुवात कोठीपासून करा.

2011 आणि 2019 या दोन पुरांतला फरक आधी समजून घ्या. 2011 मध्ये वरच्या खोऱ्यातल्या बर्फाचं आणि पावसाचं पाणी धरणांत आलं, गॅव्हिन्स पॉइंट धरणातून सेकंदाला 1,60,000 घनफूटपर्यंत विसर्ग झाला आणि पूर उन्हाळाभर टिकला. पण विसर्ग वाढणार हे आधी कळलं होतं. धान्य हलवायला सवड मिळाली. मार्च 2019 मध्ये नेब्रास्कात गोठलेल्या जमिनीवर आणि साठलेल्या बर्फावर मोठा पाऊस झाला. गोठलेली जमीन पाणी पिणार कुठून? सगळं पाणी नद्यांत उतरलं. प्लॅट नदी मिझुरीला मिळते प्लॅट्समथजवळ, फ्रीमॉन्टच्या थोडं वर. मिझुरीवरचं शेवटचं धरण, गॅव्हिन्स पॉइंट, त्याच्याही बरंच वर यँक्टनजवळ आहे. त्यामुळे प्लॅटचं पाणी अडवायला मध्ये काहीच नाही, आणि सवड आठवड्यांची नसून दोन-तीन दिवसांची असते. 2011 च्या अनुभवावर विसंबून नियोजन करणं हीच इथली सर्वांत महाग चूक.

आता हिशेब मांडा. मक्याचा एक बुशेल 25.4 किलोचा, म्हणजे क्विंटलला जवळपास चार बुशेल. 30,000 बुशेलच्या एका कोठीत सुमारे 760 टन मका असतो. मोठ्या ट्रेलरच्या ट्रकमध्ये साधारण 900 बुशेल मावतात, म्हणजे 34 खेपा. भरणं, एलिव्हेटरपर्यंत (धान्य विकत घेणाऱ्या कोठारापर्यंत) जाणं, रांगेत थांबणं, ओतणं आणि परतणं यांना दीड तास धरला, तर एका ट्रकला न थांबता 51 तास लागतील. पुराची बातमी आली की साऱ्या खोऱ्यातले ट्रक त्याच एलिव्हेटरच्या दारात उभे असतात. शिवाय मार्चमध्ये बर्फ वितळून खडीचे रस्ते मऊ पडतात आणि काउंट्या वजनाची मर्यादा घालतात, म्हणजे भरलेला ट्रक बाहेर काढण्याची परवानगी नेमकी त्याच दिवसांत अडते. काउंटीच्या रस्ते खात्याकडे हे आधी विचारून ठेवा.

त्यामुळे बांधाआडच्या रानातली कोठी फेब्रुवारीअखेर रिकामी हवी. भाव वाढण्याची वाट पाहायची असेल तर धान्य टेकडीवरच्या कोठीत नेऊन वाट पाहा. 2018-19 मध्ये चीनशी व्यापाराचा तंटा होता, भाव पडले होते, म्हणून सोयाबीनचे साठे मोठे होते, आणि नेमका तेव्हाच पूर आला. हवामान खातं फेब्रुवारी-मार्चमध्ये वसंतातल्या पुराचा अंदाज देतं. तो वाचताना बर्फात साठलेलं पाणी किती आणि जमीन किती खोल गोठलेली, या दोन गोष्टी आधी पाहा. नुसत्या पावसाच्या आकड्यावर जाऊ नका.

सगळं हलवणं जमत नसेल तर सोयाबीन आधी काढा. ते बुशेलमागे मक्याहून बरंच महाग असतं आणि भिजल्यावर फुगतंही जास्त. फुगलेल्या दाण्यांचा दाब पत्र्याला सोसत नाही. बोल्टांच्या ओळीवर पत्रा फाटतो आणि कोठी उघडी पडते. 2019 च्या पुरात अशा फाटलेल्या कोठ्या खोऱ्यात जागोजागी दिसत होत्या. पाणी चढण्याआधी मुख्य वीज बंद करा आणि पंख्यांच्या मोटारी, नियंत्रणपेट्या सोडवून उंचावर ठेवा. धान्य वाचलं नाही तरी हजारो डॉलरची सामग्री वाचते.

पाणी ओसरल्यावर कोठीच्या तळाचं झाकण उघडू नका आणि भिजलेलं धान्य वाळवायला पंखाही लावू नका. पुराच्या पाण्यात सांडपाणी, डिझेल, कीटकनाशकं सगळंच मिसळलेलं असतं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन अशा धान्याला भेसळयुक्त मानतं, म्हणून ते माणसांना किंवा जनावरांना खायला देता येत नाही. पाण्याची रेघ पत्र्यावर खुणेने आखा. तिच्यावर एक फूट सोडून त्याच्या वरचं कोरडं धान्य शोषक यंत्राने वरून काढता येतं, कारण ओलावा दाण्यांतून साधारण तेवढाच वर चढतो. ते वेगळं साठवा. खालचं धान्य टाकण्याआधी विमा कंपनी आणि राज्याच्या पर्यावरण खात्याशी बोला. परस्पर खड्ड्यात पुरलं तर पुढे अडचण होते.

प्रोपेन टाकी बांधून ठेवायची हे बऱ्याच जणांच्या यादीत नसतं. 500 गॅलनची टाकी बुडाली तर सुमारे 1,900 किलो पाणी बाजूला सारते, आणि 80 टक्के भरलेली असतानाही तिचं वजन 1,200 किलोच्या आसपासच भरतं. म्हणजे भरलेली टाकीसुद्धा तरंगते, 700 किलोच्या जोराने वर उचलली जाते, नळी तुटते आणि गॅस बाहेर पडतो. काँक्रीटमध्ये रोवलेल्या पट्ट्यांनी तिला दोन्ही टोकांना बांधा. घर सोडताना टाकीचाच झडप बंद करा, शेगडीजवळचा नव्हे.

उन्हाळ्यातला वारा रिकाम्या कोठीचा शत्रू आहे. 10 ऑगस्ट 2020 चं डेरेचो, म्हणजे सरळ रेषेत लांबवर धावणारं सोसाट्याचं वादळ, 14 तासांत सुमारे 770 मैल धावलं. पूर्व-मध्य आयोवातल्या बेंटन काउंटीत अ‍ॅटकिन्सला ताशी 126 मैल वेग मोजला गेला. ऑगस्टमध्ये जुनं धान्य विकलेलं असतं आणि नवं यायचं असतं, म्हणजे कोठ्या रिकाम्या असतात आणि वारा पत्रा आत दाबतो. मार्चच्या सल्ल्याच्या हे उलटं वाटेल. पण नदीच्या रानात पाण्याचा धोका मोठा, म्हणून तिथे रिकामी कोठीच बरी, फक्त ती घट्ट रोवलेली हवी. एप्रिलमध्ये आणि पुन्हा जुलैत तळाचे सगळे अँकर बोल्ट पाहा: नट सैल आहे का, वॉशर गंजला आहे का, बोल्टाजवळ काँक्रीटला भेग आहे का. छताचं झाकण आणि दार कडीकोयंड्याने बंद ठेवा. एकदा आत हवा शिरली की छप्पर उडतं. वाऱ्याने कोठी गोलाकार राहिली नसेल तर तपासणीशिवाय तिच्यात धान्य भरू नका. मका आडवा झाला असेल तर झुकलेल्या दिशेच्या उलट बाजूने, एकाच दिशेने, संथ गतीने कापणी करा.

टॉर्नेडोबद्दल थोडक्यात. भोंगा उघड्यावरच्या लोकांसाठी असतो; घरात झोपलेल्याला किंवा ट्रॅक्टरमध्ये बसलेल्याला तो ऐकू येईलच असं नाही. हवामान खात्याचा रेडिओ घ्या आणि त्यात फ्रीमॉन्टचा सांकेतिक क्रमांक 019071 भरा, म्हणजे तुमच्याच काउंटीचा इशारा वाजेल. 'वॉच' म्हणजे परिस्थिती तयार आहे. 'वॉर्निंग' म्हणजे लगेच तळघरात जा. ट्रॅक्टरची केबिन आसरा नव्हे.

डुकरांच्या बंद गोठ्यात वीज गेली की हवा थांबते आणि जनावरं काही तासांत गुदमरतात. बाजूचे पडदे वीज जाताच आपोआप खाली पडतात की नाही हे महिन्यातून एकदा तपासा. ट्रॅक्टरवर चालणाऱ्या जनरेटरला प्रत्येक किलोवॉटमागे पीटीओची (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याची) 2 अश्वशक्ती लागते. 25 किलोवॉटला 50 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर हवा. जोडणी दुहेरी चेंजओव्हर स्विचमधूनच करा. नाहीतर तुमची वीज उलटी लाईनमध्ये जाते आणि खांबावर काम करणाऱ्या लाईनमनचा जीव जातो.

आपत्ती येऊन गेल्यावर कोठीत माणसं अडकण्याची भीती वाढते. भिजून कुजलेल्या धान्याचा वर कडक थर जमतो, खाली पोकळी राहते, आणि थरावर उभा राहिलेला माणूस खाली जातो. ऑगर, म्हणजे धान्य बाहेर काढणारा फिरता स्क्रू, चालू असेल तर माणूस पाचेक सेकंदांत हलू शकत नाही आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पूर्ण गाडला जातो. ऑगरच्या स्विचला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवल्याशिवाय कोणीही आत जायचं नाही, एकट्याने तर नाहीच. कोणी अडकला तर दोरीने ओढू नका. दाण्यांची पकड इतकी असते की पाठीचा कणा दुखावतो. 911 ला फोन करा, ऑगर बंद करा, हवेसाठी पंखा लावा पण हीटर नको. गावच्या अग्निशमन दलाकडे बचाव नळकांडं (अडकलेल्याभोवती रोवून धान्य दूर ठेवणारं) आहे का आणि ते कोण चालवतं, हे आत्ताच विचारून घ्या.

कागदपत्रांत दोन तारखा लक्षात ठेवा: पीकविम्यासाठी आयोवात मका पेरण्याची शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी 31 मे, सोयाबीनची 15 जून. पाण्यामुळे पेरणीच करता आली नाही तर त्या शेवटच्या तारखेपासून 72 तासांच्या आत एजंटला कळवा. कोठी आणि तिच्यातल्या धान्याला सरकारी पूरविमा मिळू शकतो, पण तो घेतल्यावर साधारणतः 30 दिवस थांबावं लागतं. म्हणून मार्चच्या पुरासाठी अर्ज जानेवारीतच करा. जनावरं, यंत्रं आणि भरलेल्या कोठ्यांचे तारखेसह फोटो काढून घराबाहेर कुठेतरी जपा.