जुन्या ओम्नीच्या टॅपेटचा आवाज : या चुका टाळा

मारुतीची ओम्नी १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून रस्त्यावर आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले, म्हणजे आज चालणाऱ्या बहुतेक ओम्नींनी बरीच वर्षे पाहिलेली आहेत. तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या सीटखालीच असल्यामुळे टॅपेटची, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेची, टिकटिक थेट चालकाच्या कानावर पडते. मग ती कशीही करून बंद करण्याची घाई होते.

या घाईतली सर्वांत महाग चूक म्हणजे आवाज थांबेपर्यंत टॅपेटचा स्क्रू आवळत जाणे. रॉकर (व्हॉल्व्हला दाबून उघडणारी दांडी) आणि व्हॉल्व्ह (वायू आत-बाहेर सोडणारी झडप) यांच्यामध्ये ठेवलेली बारीक फट हा दोष नसून ती इंजिनाची गरज आहे. जळलेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता त्याच्या सीटवर, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणातल्या (हेडमधल्या) बसण्याच्या कड्यावर, घट्ट बसल्यावरच हेडला देऊ शकतो. फट उरली नाही तर तो पूर्ण बसत नाही, त्याच्या कडेने तापलेला वायू निसटत राहतो आणि कड जळून कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जाते. थोडा वाजणारा टॅपेट काही महिने सहन होतो, पण अति आवळलेला टॅपेट काहीही न सांगता व्हॉल्व्ह जाळतो. गाडी सीएनजी किंवा एलपीजीवर चालत असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण गॅसवर व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह हळूहळू वर सरकतो आणि फट आपोआप कमी होत जाते. अशा गाडीत शांत इंजिन पाहून टॅपेट तपासणे टाळू नये.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे जाड ऑइल किंवा आवाज कमी करणारे द्रावण ओतणे. काही इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट असतात आणि ते ऑइलच्या दाबावर फट स्वतः भरून काढतात; जुन्या ओम्नीत मात्र साधा स्क्रू आणि त्याला जागी धरणारा लॉक नट आहे, त्यामुळे ऑइलने ती फट भरली जाणार नाही. उलट जाड ऑइल थंडीत सकाळी रॉकरपर्यंत उशिरा पोहोचते.

आवाज टॅपेटचाच आहे याची आधी खात्री करावी. रॉकर हलवणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून मिनिटाला ८०० फेरे होत असताना एक सैल टॅपेट सुमारे ४०० वेळा वाजतो. इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला येणारा जड ठोका खालून, म्हणजे बेअरिंगकडून येत असू शकतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटले तरी अशीच टकटक येते, परंतु ती इंजिन तापल्यावर बहुधा कमी होते. ऑइलचा दिवा लागत असेल तर मात्र टॅपेटचा विचार बाजूला ठेवून इंजिन तत्काळ बंद करावे.

फट मोजताना इंजिन थंड आहे की गरम हे न पाहणे हीदेखील मोठी चूक आहे, कारण दोन्ही अवस्थांचे आकडे वेगळे असतात. शक्यतो गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी थंड इंजिनाचा मॅन्युअलमधला आकडा वापरावा. ज्या सिलिंडरचे काम चालू आहे त्याचा पिस्टन कम्प्रेशनच्या टोकाला, म्हणजे वायू दाबून सर्वांत वर आलेला, असावा आणि दोन्ही रॉकर हाताने किंचित हलावेत. एक जरी घट्ट असला तरी इंजिन चुकीच्या जागी आहे असे समजावे. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) हलक्या ओढीने सरकला पाहिजे. लॉक नट आवळताना स्क्रू थोडासा फिरतो आणि नेमके येथेच अनेक मिस्त्री फसतात, म्हणून नट आवळल्यावर गेज पुन्हा घालून पाहावा.

सर्व काही बरोबर करूनही एखादा टॅपेट वाजतच राहिला, तर स्क्रूचे टोक तपासावे. त्याला खड्डा पडला असेल तर सपाट गेज खड्ड्यावरून आडवा जातो आणि मोजलेल्या आकड्यापेक्षा खरी फट मोठी राहते. असा स्क्रू बदलावाच लागतो.