आचाऱ्याचा आचार्य कसा झाला, आणि ओपन सोर्समध्ये नवीन येणाऱ्यांसाठी थोडं

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. सकाळी सातला काकांचा फोन, "काय करूलास? झोपलास काय अजून?" आवाजावरनंच कळलं की काहीतरी बिनसलंय. काकांचं बेळगावच्या खडेबाजारात डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, जत्रेचे बोर्ड, सोसायटीच्या नोटिसा असलं सगळं. खानापूरकडच्या एका गावच्या महाप्रसादाची नोटीस त्यांनी करून दिली होती, त्यात ओळ होती "आचाऱ्यांनी पहाटे पाचला हजर राहावे" आणि छापून आलं "आचार्यांनी पहाटे पाचला हजर राहावे". गावात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली, काकांना मात्र सगळ्या नोटिसा परत छापून द्याव्या लागल्या, पदरच्या पैशानं. आणि चूक काकांची नव्हती, माझी होती. मी माझ्या प्रोग्राममध्ये मर्ज केलेल्या, म्हणजे सामील करून घेतलेल्या एका पीआरची (पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट, कोणीतरी कोडमध्ये सुचवलेला बदल).

आता हे पहिल्यापासून सांगतो, कारण कॉलेजची पोरं मला हल्ली सारखं विचारतात की ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या कामात, कसं घुसायचं, आणि एआय सगळं लिहून देतंय तर आता त्यात राम राहिलाय का.

थर्ड इयरला असताना काकांच्या दुकानात बसायचो. तिथं वीस वीस वर्षांच्या फाइली पडलेल्या, जुन्या फॉन्टमधल्या, तो फॉन्ट मशिनवर नसला की मराठीच्या जागी सगळा कचरा दिसायचा. म्हणून एक छोटा प्रोग्राम लिहिला जो तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशिनवर चालणाऱ्या पद्धतीत, आणतो. मग त्यात कन्नड नावं देवनागरीत करायचं काम घुसलं, कारण इकडं उतारा कन्नडात, रेशन कार्ड कन्नडात आणि पत्रिका मराठीत, आणि नाव दोन्हीकडं सारखं पाहिजे. गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांसमोर ठेवायच्या साइटवर, टाकलं आणि विसरलो. वर्षभरानं बघतोय तर अनोळखी लोक वापरायलेत, इश्यू, म्हणजे तक्रारी, टाकायलेत, एकानं तर रागावून लिहिलेलं की तीन महिने उत्तर का नाही. तिथं कळलं की आपण मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा, झालोय. पगार नाही, पद नाही, फक्त जबाबदारी.

मेंटेनर म्हणजे खूप कोड लिहिणारा माणूस असं मला वाटायचं. तसं नाही. निम्म्याहून जास्त वेळ दुसऱ्याचं वाचण्यात जातो. हा बग खरा आहे का, हा बदल घेतला तर दुसरीकडं काय मोडेल, हा माणूस उद्या असणार आहे का की पीआर टाकून गायब होणार. पूर्वी लिहायलाही कष्ट होते आणि वाचायलाही, त्यामुळं कोण उगाच काही पाठवत नव्हतं. एआय टूल आल्यावर लिहिणं दोन मिनिटांचं झालं, वाचणं होतं तेवढंच राहिलं. सगळी भानगड इथं आहे, बाकी चर्चा नंतरची.

तर तो पीआर. नाव असं काहीतरी की मजकुरातली न दिसणारी अक्षरं साफ केली. खाली मथळे, टिकमार्क, रॉकेटचं चित्र, सुंदर इंग्रजी. अकरा नवीन टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतोय का हे आपोआप तपासणाऱ्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. मी धारवाडच्या बसमध्ये होतो, मोबाइलवर वर-खाली केलं, म्हटलं पोरानं मेहनत घेतलीय, केला मर्ज. रविवारी काकांच्या मशिनवर नवीन व्हर्जन मीच टाकून आलो.

मराठीतला तो आडवा र, दऱ्या, वाऱ्यावर, आचाऱ्याला यातला, युनिकोडमध्ये दोन तऱ्हेनं लिहिता येतो. एक म्हणजे नुक्ता असलेला ऱ, त्याला हलन्त आणि पुढं य. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर आणि पुढं य. जुन्या मजकुरात ही दुसरी पद्धत खूप सापडते. ते न दिसणारं अक्षर काढलं की र वर जाऊन रफार होतो. दऱ्या होत्या त्याचा दर्या होतो, म्हणजे डोंगरातनं थेट समुद्रात. आचाऱ्याचा आचार्य. प्रोग्राम बंद पडत नाही, एरर येत नाही, दिसायला शब्दही बरोबर, फक्त अर्थ बदललेला. ज्या एआय टूलनं तो पीआर लिहिला त्याच्या नजरेत ते अक्षर म्हणजे नुसता कचरा, आणि त्यानं तो कचरा नेटका काढला.

मग अकरा टेस्ट हिरव्या कशा? कारण त्याही त्याच टूलनं लिहिलेल्या. कोड जे देतो तेच उत्तर बरोबर धरून टेस्ट केली तर ती हिरवी होणारच की. आणि माझ्या जुन्या टेस्ट का नाही ओरडल्या? तर त्या सगळ्या मी माझ्या कीबोर्डवर टाइप केलेल्या, माझा कीबोर्ड पहिल्या पद्धतीचा ऱ टाकतो. म्हणजे भोक माझ्याच भिंतीत होतं. आमचे बाबा उद्यमबागेत टर्नर होते, ते म्हणायचे कास्टिंग वरनं झकास दिसतंय, लेथला लावलं की ब्लोहोल दिसतंय. मी लेथला लावलंच नव्हतं.

त्या पोराला विचारलं, बाबा हे अक्षर का काढलंस? तीन परिच्छेद उत्तर आलं, अतिशय नम्र, अतिशय गुळगुळीत आणि प्रश्नाला बगल देणारं. परत विचारलं, परत तसंच. शेवटी मराठीत लिहिलं, "दऱ्या आणि दर्या यात फरक काय, सांग बघू." बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "सर खरं सांगू का, मी तो कोड वाचलाच नाही, टूलनं केलं मी टाकलं." निपाणीकडचा, सेकंड इयरचा. राग आला होता, पण ही ओळ वाचून निम्मा उतरला, कारण त्याच्याकडनं आलेली ती पहिली खरी ओळ होती.

तेव्हा नवीन येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, जे पाठवताय ते का केलं हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. रिव्ह्यूमधला प्रश्न उचलून टूलला द्यायचा आणि त्याचं उत्तर चिकटवायचं हे तर करूच नका, समोरच्याला लगेच कळतं, आणि मग त्याला वाटतं की मधला माणूस कशाला पाहिजे, टूल माझ्याकडंही आहे की.

इंग्रजीची भीती मला माहीत आहे. आमच्याकडची पोरं शिकली मराठी मीडियमला, बाजारात आणि ऑफिसात कन्नड, कॉलेजात एकदम इंग्रजी. त्यामुळं वाटतं की टूलकडनं इंग्रजी पॉलिश करून घ्यावं. स्पेलिंग तपासून घ्या, त्याला कोण नको म्हणत नाही. पण मोडक्यातोडक्या तीन ओळी चालतील, मी तर म्हणतो त्याच पळतील. मला आजवर आलेला सगळ्यात चांगला इश्यू चिकोडीकडच्या एका मुलीचा आहे, ती कन्नड मीडियमची. तिनं एवढंच लिहिलं, हे इनपुट, हे आउटपुट, हे पाहिजे होतं, व्हर्जन अमुक. झालं असं होतं की कन्नडात ऱ्हस्व ए वेगळा आणि दीर्घ ए वेगळा, बेळगाव या शब्दातला पहिला ए कन्नडात ऱ्हस्व. देवनागरीत त्या ऱ्हस्व ए साठी एक मात्रा युनिकोडमध्ये आहे, म्हणून माझा प्रोग्राम इमानदारीत बॆळगावि असं काढायचा. ती मात्रा मराठी माणूस वापरत नाही, कित्येक फॉन्टमध्ये धड दिसतही नाही. तिनं हे पकडलं कारण तिला दोन्ही भाषा रोज लागतात. दहा मिनिटांत दुरुस्त झालं. तिनं कोडची एक ओळ लिहिली नव्हती आणि तरी माझ्या लेखी ते मोठं काँट्रिब्युशन आहे.

म्हणून सुरुवात पीआरनं करू नका. आधी ते सॉफ्टवेअर स्वतः वापरा, चार दिवस, खऱ्या कामाला. मग जुने उघडे इश्यू घ्या आणि आपल्या मशिनवर तसंच होतंय का बघून तिथं लिहा. कंटाळवाणं काम आहे, म्हणून कोणी करत नाही, म्हणून मेंटेनरला ते सोन्यासारखं वाटतं. असं महिनाभर केलंत की तो तुमचं नाव ओळखायला लागतो. रीडमीमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये, स्वल्पविराम बदलून किंवा आपलं नाव टाकून पीआर करायचा धंदा मात्र सोडा. एक्स्प्रेस नावाच्या जावास्क्रिप्ट प्रोजेक्टच्या रिपोवर, म्हणजे गिटहबवरच्या त्याच्या जागेवर, असले पीआर ढिगानं पडलेत, शिकवणीचा व्हिडिओ बघून पोरांनी सराव म्हणून खऱ्या प्रोजेक्टवरच टाकलेले. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरमधल्या ओपन सोर्सच्या उपक्रमात २०२० मध्ये, ठरावीक पीआर केले की मिळणाऱ्या टीशर्टसाठी एवढा कचरा आला की आयोजकांना नियम बदलावा लागला, ज्या प्रोजेक्टनं स्वतः होय म्हटलंय तिथलेच पीआर धरायचे असं झालं. तेव्हा एआय नव्हतं बरं का, म्हणजे रोग जुनाच आहे, आता फक्त पंप लागलाय.

पाठवायच्या आधी त्या प्रोजेक्टचे नियम वाचा, आता बऱ्याच ठिकाणी यात एआयचा वेगळा परिच्छेद असतो. जेंटू या लिनक्सच्या एका प्रकारानं एप्रिल २०२४ मध्ये एआयनं लिहिलेलं काही घेणार नाही असं ठरवलं, पुढच्या महिन्यात नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमनं तसंच. क्यूईएमयू या आभासी मशिन चालवणाऱ्या प्रोजेक्टनंही २०२५ मध्ये. घोस्टी नावाचा टर्मिनल आहे, त्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं वापरा पण सांगा. कोणाचं बरोबर यावर भांडत बसू नका, ज्याच्या घरी जायचं त्याच्या घरची रीत पाळायची. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, पॅचखाली, म्हणजे पाठवलेल्या बदलाखाली, साइन्ड ऑफ बाय म्हणून नाव घालावं लागतं, ते २००४ पासून आहे, अर्थ एवढाच की हे द्यायचा मला हक्क आहे आणि याला मी उत्तरदायी आहे. टूलला उत्तरदायी धरता येत नाही, मग राहिलं कोण, तुम्ही.

कर्ल म्हणजे नेटवरनं डेटा आणायचं-पाठवायचं सॉफ्टवेअर, त्याचं उदाहरण तर प्रत्येकानं बघावं. डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून ते सांभाळतोय, जवळपास प्रत्येक फोनमध्ये ते आहे. २०१९ पासून सुरक्षेतली चूक दाखवली की बक्षीस होतं. एआयनं रचलेले, भारदस्त भाषेतले आणि आत काहीच नसलेले रिपोर्ट इतके यायला लागले की जानेवारी २०२६ अखेर बक्षीसच बंद केलं. पण याच माणसानं २०२५ मध्ये एआय टूल वापरून सापडवलेल्या चुकांच्या एका यादीचं तोंडभरून कौतुकही केलेलं, कारण पाठवणारा जाणकार होता, त्यानं तपासून पाठवलेलं. टूल एकाच जातीचं, हातात फरक.

मी स्वतः वापरतो का? रोज. अनोळखी कोड समजून घ्यायला, टेस्टचा सांगाडा घालायला. पण टेस्टमधलं अपेक्षित उत्तर हातानं लिहितो, तेवढं टूलला देत नाही, आचाऱ्यांनी शिकवलंय. टूलनं नवीन पॅकेज, म्हणजे दुसऱ्याचा तयार कोड, सुचवलं तर ते खरंच आहे का बघतो, कारण टूल कधीकधी नसलेल्या पॅकेजचं नाव ठोकून देतं आणि चोर लोक तसल्या नावानं खरं पॅकेज टाकून वाट बघत बसतात. आणि वेग वाढला असं वाटलं तरी घड्याळ बघावं. एमईटीआर नावाच्या संस्थेनं २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्सवाल्यांना त्यांच्याच प्रोजेक्टमधली २४६ कामं दिली, एआय वापरला तेव्हा त्यांना १९ टक्के वेळ जास्त लागला, आणि काम संपल्यावर ते म्हणत होते की आम्ही २० टक्के लवकर केलं. टूल त्यानंतर सुधारलीत हे खरं, पण माणसाचा स्वतःबद्दलचा अंदाज काय सुधारला नसणार.

विश्वास कमवायला वेळ लागतो आणि लागू दे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदार (बॅकडोर) सापडलं, ते घालणारा दोनेक वर्षं गोड बोलून, नीट पॅच देऊन आत आलेला, थकलेल्या एकट्या मेंटेनरला मदत करतो म्हणून. सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला, म्हणजे लांबच्या मशिनवर शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. तेव्हापासून मेंटेनर लोक अनोळखी माणसाच्या उत्साहाकडं जरा तिरकं बघतात. तुमचा दुसराच पीआर महिनाभर पडून राहिला तर मनाला लावून घेऊ नका, आणि रोज पिंग करून आठवण तर अजिबात देऊ नका.

नोकरीचं विचारता म्हणून सांगतो, गिटहबवरची रोजच्या कामाची हिरवी चौकट बघून मला कोणी नोकरी दिली नाही. पुण्याच्या इंटरव्ह्यूत मात्र अर्धा तास त्या आडव्या र वरच बोलणं झालं, कसं मोडलं, कसं शोधलं, परत मोडू नये म्हणून काय केलं. पैशाचा मार्ग पाहिजे असेल तर गूगल समर ऑफ कोड आहे, नवीन लोकांना ओपन सोर्सच्या कामाचं मानधन देणारा उपक्रम, २००५ पासून चालू आहे, २०२२ पासून विद्यार्थी असायची अटही गेली. तिथंही अर्ज टूलकडनं लिहून घेऊन आदल्या रात्री टाकणाऱ्यांचं काही होत नाही, आधी दोन-तीन महिने त्या प्रोजेक्टमध्ये वावर पाहिजे.

निपाणीचं पोरगं गेलं नाही, ही गंमत. काकांची नोटीस त्याला दाखवली, तर म्हणाला मी शब्द गोळा करतो. आजीला घेऊन बसला आणि आडव्या र चे साठेक शब्द लिहून आणले, वेगवेगळ्या फोनवर टाइप करून, म्हणजे दोन्ही पद्धतींचे. ती फाइल आता टेस्टमध्ये आहे आणि तिच्यात टूलचा हात नाही. त्यातला "गुऱ्हाळ" अजून लाल येतोय, कारण तिथं पुढं य नाही ह आहे आणि जुन्या एका फॉन्टमध्ये तो भलत्याच खुणेनं साठवलाय. इश्यू त्यानं स्वतःच्या नावावर घेतलाय. दोन आठवडे झाले, मी विचारलेलं नाही.