कासवाचे डोळे सुजले किंवा मिटलेलेच राहू लागले, तर काय करावे

सकाळी कासवाने डोळे उघडले नाहीत, की पाळणाऱ्याचा हात आधी घरातल्या औषधाच्या थेंबांकडे जातो. तो तिथेच आवरावा, ही माझी पहिली विनंती आहे. कासवाचा डोळा एकटाच आजारी पडला आहे असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा डोळ्यावरची सूज ही दिव्याची, कोरड्या हवेची, अपुऱ्या आहाराची किंवा श्वसनमार्गातल्या संसर्गाची खूण असते, आणि मूळ कारण तसेच ठेवून वरून कितीही थेंब घातले तरी डोळा पुन्हा मिटतो. मधल्या काळात मोलाचे दिवस मात्र हातचे जातात. कासव अन्न मुख्यतः बघून शोधते; डोळे मिटले की त्याचे खाणे सुटते, खाणे-पिणे सुटले की अंगातले पाणी कमी होते, आणि पाणी कमी झाले की डोळे आणखी खोल जातात. हे चक्र सुरू होण्याआधीच थांबवणे सोपे असते.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. मराठीत जमिनीवर राहणाऱ्या आणि पाण्यात राहणाऱ्या अशा दोन्ही प्राण्यांना आपण कासवच म्हणतो, पण डोळ्यांच्या तक्रारींची कारणे दोघांत बरीच वेगळी आहेत. पुढचे लिखाण मुख्यतः जमिनीवरच्या पाळीव कासवाबद्दल आहे. पाण्यातल्या कासवाची गोष्ट जिथे वेगळी आहे, तिथे तसे सांगितले आहे.

निरोगी डोळा कसा दिसतो

निरोगी कासवाचा डोळा पूर्ण उघडा, ओलसर आणि चमकदार असतो, पापण्यांच्या कडा डोळ्याला सपाट टेकलेल्या असतात, आणि समोर बोट हलवले की ते डोके मागे घेते किंवा बोटाकडे वळून पाहते. कासवाची खालची पापणी वरच्या पापणीपेक्षा मोठी आणि जास्त हलणारी असते, त्यामुळे डोळा मिटताना पडदा खालून वर चढल्यासारखा दिसतो. याशिवाय आतल्या कोपऱ्यातून सरकणारी पातळ तिसरी पापणी असते. नव्याने कासव पाळणाऱ्यांना ती पाहून डोळ्यात फूल पडल्याची शंका येते, पण ती क्षणात मागे जात असेल तर काळजीचे कारण नाही.

माणसाच्या डोळ्यांतले जास्तीचे पाणी बारीक नळीवाटे नाकात उतरते. कासवाला ही नळीच नसते. त्याचे अश्रू पापणीच्या कडेवरून बाहेर येतात आणि हवेत सुकून जातात. उबेला बसलेल्या कासवाच्या डोळ्याखाली थोडी ओल दिसली, तर केवळ तेवढ्यावरून ते आजारी ठरत नाही. पाणी घट्ट होऊ लागले, त्याला पांढरा किंवा पिवळसर रंग आला, त्यात बुडबुडे दिसले, पापण्या चिपड्यांनी चिकटल्या किंवा कासव पुढच्या पायाने डोळा वारंवार चोळू लागले, की मात्र लक्ष घालावे.

तपासणी कासव उबेला बसून हुशार झाल्यावर करावी. उचलल्याबरोबर ते डोके आत ओढते आणि डोळे घट्ट मिटते, म्हणून आधी ते जमिनीवर असतानाच आपण त्याच्या पातळीला वाकून समोरून आणि दोन्ही बाजूंनी पाहावे. बिघाड एका डोळ्यात आहे की दोन्ही, हा यातला सर्वांत उपयोगाचा प्रश्न आहे. एकच डोळा मिटलेला असेल, तर जखम, आत गेलेले कुसळ किंवा त्या डोळ्यापुरता संसर्ग असण्याची शक्यता जास्त. दोन्ही डोळे एकाच वेळी बिघडले असतील, तर दिवा, हवा, आहार किंवा अंगातला आजार यांच्याकडे वळावे. डोळ्याच्या मागे, कानाच्या गोल पडद्यावर टणक फुगवटा असेल, तर तो डोळ्याचा आजार नसून कानातले गळू असते आणि त्याला बहुधा शस्त्रक्रिया लागते.

पहिल्या दिवशी करायच्या गोष्टी

कासव एकापेक्षा अधिक असतील, तर आजारी कासव वेगळे ठेवावे. खालचा माती-भुशाचा थर काढून साधा कागद किंवा टॉवेल अंथरावा, म्हणजे डोळ्यात धूळ जाणार नाही आणि विष्ठेवरही लक्ष राहील. उबेची जागा त्या जातीला मानवणाऱ्या तापमानाच्या वरच्या टोकाला ठेवावी. कासवाच्या शरीराला स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही, आणि थंड शरीरात प्रतिकारशक्तीही मंदावते व औषधही. मात्र ते हवे तेव्हा बाजूला होऊ शकेल, अशी थंड बाजू राहिलीच पाहिजे.

त्यानंतर त्याला कोमट पाण्यात बसवावे. पाणी हाताला जेमतेम ऊबदार लागेल इतकेच, आणि खोली इतकीच की पाय टेकलेले असताना हनुवटी आरामात वर राहील. डोळे मिटलेल्या कासवाला पाणी किती खोल आहे हे दिसत नसते, म्हणून पंधरा-वीस मिनिटे तिथून हलू नये. पुष्कळ कासवे पाण्यात आल्यावर मान लांब करून पाणी पितात, आणि पापण्यांवरचा कडक थरही याच वेळी मऊ होतो.

डोळा धुण्यासाठी ०.९ टक्के मिठाचे निर्जंतुक सलाइन वापरावे. घरी मीठ कालवून पाणी करू नये, कारण प्रमाण चुकले तर डोळ्याची आग होते. सलाइन अंगाच्या तापमानाला आले, की सुई काढलेल्या सिरिंजमधून आतल्या कोपऱ्याकडून हळूहळू सोडावे आणि ओल्या गॉजने बाहेरच्या दिशेने टिपावे. कापूस टाळावा, कारण त्याचे तंतू पापणीत अडकतात. थर सुटला नाही, तर दोन-तीन मिनिटे गॉज ओले करून तसेच ठेवावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. पापणी बोटांनी ओढून उघडू नये, हे मी कळवळून सांगतो. आत व्रण असेल, तर एका ओढीत तो वाढतो. दुसऱ्या डोळ्याला नवे गॉज घ्यावे, आणि शेवटी आपले हात साबणाने धुवावेत, कारण निरोगी दिसणारी कासवेही साल्मोनेला हे माणसाला जुलाब लावणारे जिवाणू बाळगून असतात.

त्याच दिवशी वजन करून लिहून ठेवावे. पुढच्या आठवड्यांत कासव सुधारते आहे की खचते आहे, हे नजरेपेक्षा वजनाचा काटा आधी सांगतो.

कारण शोधताना

सुरुवात दिव्यापासून करावी, कारण दिव्याची चूक सहज होते आणि सहज सुधारता येते. माझ्याकडच्या कासवाने एकदा नवा दिवा लावल्यानंतर दुसऱ्याच दिवशी दोन्ही डोळे मिटून घेतले. खाण्याचे पान नाकाशी नेले तर मान पुढे करायचे, पण तोंड पानाच्या बाजूला हवेतच मिटायचे. डोळ्यात पू नव्हता, नाक कोरडे होते, वजनही ठीक होते. तो गुंडाळीचा छोटा यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा, मी बाजूच्या भिंतीवर, त्याच्या तोंडाच्या उंचीला बसवला होता. दिवा काढला, आणि तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. कासवाच्या डोळ्यावरचे हाड आणि वरची पापणी ही वरून येणाऱ्या उन्हापासून डोळ्याला आडोसा देण्यासाठी आहेत. बाजूने येणारे अतिनील किरण या आडोशाला चुकवून थेट डोळ्यावर पडतात आणि कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, भाजल्यासारखा होतो. म्हणून असा दिवा नेहमी डोक्यावर, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर लावावा. नव्या दिव्यानंतर काही दिवसांत त्रास सुरू झाला असेल, तर तो आधी बंद करावा. काही दिवस यूव्हीबी मिळाले नाही म्हणून कासवाचे नुकसान होत नाही. पण उबेचा साधा दिवा चालू ठेवावा.

दुसरे स्थान खालच्या थराचे आणि हवेतल्या ओलाव्याचे. बारीक वाळू, धुळकट भुसा आणि चुरा झालेले वाळके गवत यांचे कण पापणीखाली जाऊन बसतात. तिसऱ्या पापणीमागे अडकलेले कुसळ बाहेरून दिसतही नाही. डोळा फक्त सतत पाणावतो आणि मिटलेला राहतो. धुऊन ते निघाले नाही, तर ते चिमट्याने शोधण्याचे काम डॉक्टरांचेच आहे. ओलावा जातीप्रमाणे ठरतो: दक्षिण अमेरिकेच्या जंगलातल्या लाल पायांच्या कासवाला दमट हवा लागते, तर भूमध्य सागराभोवतालच्या जातींना त्यापेक्षा कोरडी हवा मानवते. पण कोरड्या प्रदेशातले कासवही निसर्गात दिवसाचा मोठा भाग ओलसर बिळात किंवा झुडपाखाली काढते, त्यामुळे चोवीस तास दिव्याखाली सुकलेल्या पेटीत त्याचेही डोळे कोरडे पडतात. लपण्याच्या जागेतला थर ओलसर ठेवणे एवढ्यानेही फरक पडतो.

आता जीवनसत्त्व 'अ'. सुजलेले डोळे म्हणजे याचीच कमतरता, असा सरसकट समज आहे, आणि त्यातून नुकसानही बरेच होते. ही कमतरता खरी आहे, पण ती प्रामुख्याने पाण्यातल्या वाढत्या कासवांत दिसते, ज्यांना महिनोन्महिने नुसती सुकवलेली कोळंबी किंवा नुसते मांस खायला घातलेले असते. शरीरातला साठा संपला की डोळ्यांच्या ग्रंथींचे आतले अस्तर जाड आणि कडक होत जाते, ग्रंथी तुंबतात आणि दोन्ही पापण्या फुगून येतात. पाला खाणाऱ्या जमिनीवरच्या कासवाला गडद हिरव्या पानांतून कॅरोटीन मिळते आणि त्यापासून त्याचे शरीर हे जीवनसत्त्व तयार करते, त्यामुळे नीट पाला खाणाऱ्या कासवात कमतरता विरळाच. तरीही तर्काने या जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले आणि मात्रा जास्त झाली, तर काही दिवसांनी कातडी कोरडी पडून सोलवटते, मान आणि पायांवर उघड्या जखमा होतात, आणि मूळ आजारापेक्षा हा उपचारच भारी पडतो. आहाराचा इतिहास पाहून, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, शक्यतो तोंडावाटे, असाच हा उपाय करावा. पाण्यातल्या कासवाच्या बाबतीत पाण्याची स्वच्छताही तपासावी. साचलेल्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया डोळ्यांना झोंबतो.

डोळ्यांबरोबर नाकातून पाणी किंवा बुडबुडे येत असतील, श्वासाचा आवाज होत असेल किंवा कासव तोंड उघडून श्वास घेत असेल, तर प्रश्न श्वसनमार्गाचा आहे. मायकोप्लाझ्मा जातीचे जिवाणू आणि कासवांमधले हर्पिस विषाणू ही त्यातली परिचित कारणे आहेत. हर्पिसमध्ये जिभेवर आणि टाळूवर पिवळसर थरही दिसतो. हे संसर्ग एका कासवाकडून दुसऱ्याकडे जातात, म्हणूनच वर कासव वेगळे ठेवायला सांगितले.

ज्या जातींना शीतनिद्रा असते, त्यांच्यात तापमान शून्याखाली गेले, तर डोळ्याचे भिंग आणि दृष्टिपटल गारठून निकामी होऊ शकते. असे कासव जागे झाल्यावर डोळे उघडे ठेवते, पण गोल गोल फिरते आणि वस्तूंना धडकते. वयस्कर कासवांत मोतीबिंदूही होतो.

डॉक्टरांकडे केव्हा आणि कसे जावे

डोळ्यातून रक्त येणे, डोळा बाहेर आल्यासारखा दिसणे, कॉर्निया धुरकट होणे, जखम किंवा तोंडाने श्वास, यांपैकी काहीही असेल, तर त्याच दिवशी जावे. बाकी तक्रारीत दोन-तीन दिवस धुणे, ऊब आणि कारण दूर करणे यांनी फरक पडला नाही, तर त्यापुढे वाट पाहू नये. कासवाचा पू माणसासारखा पातळ नसतो; तो पनीरासारखा घट्ट होऊन पापणीखाली गोळा धरतो, आपोआप वाहून जात नाही आणि थेंबांनी विरघळतही नाही. तो डॉक्टरांनीच अलगद काढावा लागतो.

सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले पशुवैद्य शोधावेत. जाताना राहण्याच्या जागेचे आणि दिव्याचे फोटो, दिवा कधी बसवला ती तारीख, रोजच्या आहाराची यादी आणि वजनाच्या नोंदी न्याव्यात. निदान निम्मे तिथेच होते. डोळ्यात फ्लोरेसिन हा रंग घालून कॉर्नियावर व्रण आहे का, हे पाहता येते. ही तपासणी महत्त्वाची आहे, कारण व्रण असताना स्टेरॉइड मिसळलेले थेंब घातले तर डोळा कायमचा जाऊ शकतो. माणसांसाठी आणलेल्या आणि उरलेल्या बाटल्या वापरू नयेत, त्यामागचे कारण हेच. कुत्र्या-मांजरांना दिले जाणारे आयव्हरमेक्टिन हे औषध कासवाच्या जिवावर बेतते, हेही लक्षात असू द्यावे.

औषध घालण्याची पद्धत

डोके आत ओढलेल्या कासवाशी झटापट करू नये. मागचे पाय अलगद कवचात दाबले, की पुष्कळदा डोके आपोआप थोडे पुढे येते. त्याच वेळी जबड्याच्या मागे अंगठा आणि मधले बोट हलकेच धरावे. तेही जमले नाही, तर मिटलेल्या पापणीच्या आतल्या कोपऱ्यात थेंब ठेवून थांबावे. कासव डोळा उघडते, तेव्हा तो आत ओघळतो. दोन औषधे असतील, तर मध्ये दहा मिनिटे जाऊ द्यावीत आणि मलम शेवटी लावावे. पाण्यात बसवण्याचे काम औषधाच्या आधी उरकावे, म्हणजे औषध धुऊन जाणार नाही. डोळे उघडले तरी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत.

या काळात अन्न त्याच्या तोंडाशी न्यावे. तीव्र वासाचे, रसाळ पान ओठांना लावले, की काही कासवे डोळे मिटलेले असतानाही चावा घेतात. चमच्याने किंवा जबडा उघडून भरवू नये. वजन सतत घटत असेल, तर नळीने अन्न देण्याचा निर्णय डॉक्टर घेतात.

आणि दृष्टी परत आलीच नाही, तर त्यावरून कासवाचे आयुष्य संपले असे समजू नये. शीतनिद्रेतल्या गारठ्याने गेलेली नजर कधी कधी अनेक महिन्यांनी थोडीफार परतते, आणि परतली नाही तरी वास आणि स्पर्श यांच्या आधाराने कासव आपली जागा पाठ करते. त्याच्या जागेतली मांडणी बदलू नये, पाण्याचे भांडे उथळ आणि पक्के असावे, आणि अन्न रोज त्याच वेळी, त्याच सपाट फरशीवर ठेवावे. पहिले काही आठवडे पान तोंडाला लावून त्याला फरशीपर्यंत न्यावे लागते. नंतर पंजाखाली फरशी लागली, की ते स्वतःच मान खाली करून खायला लागते.